अ विझार्ड ऑफ अर्थसी : मुलांना द्यावं की आधी आपण वाचावं?

मासुंदा (धागाकर्ती)

शोधलं, पण या पुस्तकावर इथे धागा दिसला नाही, म्हणून काढतेय. शेवटासकट सगळं लिहिणार आहे. ज्यांना वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

उर्सुला के. ले ग्विनची ही कादंबरी १९६८ची. कॅलिफोर्नियातल्या पार्नासस प्रेसने तिला मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा असं सुचवलं आणि तिने हे लिहिलं. जेमतेम दोनशे पानं, दहा प्रकरणं. हल्ली या प्रकारात पाच-पाचशे पानांचे ठोकळे निघतात, त्यात हे हातात घेतल्यावर आधी बरंच वाटतं.

गोष्ट थोडक्यात. गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आईवेगळा पोरगा. मावशी गावची चेटकीण, तिच्याकडून चार मंत्र उचलतो. कार्गाड बेटांवरचे लुटारू चालून येतात तेव्हा धुकं पसरून गाव वाचवतो आणि त्याचं नाव होतं. ओगियन हा मोठा मांत्रिक त्याला शिष्य करून घेतो, त्याला त्याचं खरं नाव देतो : गेड. पोरगा हुशार आणि तितकाच घमेंडी. ओगियन काही शिकवतच नाही असं वाटून रोक बेटावरच्या मांत्रिकांच्या शाळेत जातो. तिथे जॅस्पर नावाच्या खानदानी मुलाने डिवचलं म्हणून पैजेवर शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या एका सुंदरीचा आत्मा बोलावतो. तेव्हा जगाला जी फट पडते तिच्यातून एक काळी सावली बाहेर येते आणि त्याचा चेहरा फाडते. ती फट बुजवताना शाळेचे मुख्य गुरू नेमर्ल जिवाला मुकतात. उरलेलं पुस्तक म्हणजे आधी सावली गेडच्या मागे, मग गेड सावलीच्या मागे.

जादू, ड्रॅगन, सगळं आहे. माझा जीव मात्र अडकला तो या पोराच्या लाजेत. त्या रात्रीनंतरची पानं मुद्दाम सावकाश वाचा. त्याला कुणी शाळेतून काढत नाही, कुणी रागावत नाही. तो कित्येक महिने अंथरुणाला खिळतो. परत वर्गात येतो तेव्हा बरोबरीची मुलं पुढे गेलेली असतात, आणि जी विद्या त्याला खेळ वाटायची तिचीच आता धास्ती. साधा मंत्रसुद्धा अडखळत म्हणतो. ‘हुशार’ असा शिक्का बसलेला आणि मग आपटलेला मुलगा ज्यांच्या घरात आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि नेमका तेव्हा त्याचा मित्र व्हेच शिक्षण संपवून घरी निघतो. निघताना गेडला आपलं खरं नाव सांगून जातो. या जगात खरं नाव कळलं की तो माणूस तुमच्या मुठीत आला. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवू नये असं त्याला स्वतःलाच वाटतंय, त्याच्या हातात हा आपला जीव ठेवतो, आणि तेही दोन वाक्यांत. नंतर त्यावर रडारड नाही की भाषण नाही.

दुसरा माझा आवडता भाग ओगियनचा. भूकंप थोपवलेला माणूस, पण पाऊस आला तर मुकाट्याने भिजतो. इतर मांत्रिक पाऊस दुसरीकडे ढकलून देतात, हा झाडाखाली आडवा होऊन झोपतो. गेड शेजारी चिंब भिजून मनात चरफडत असतो, की मग एवढी सत्ता कशासाठी? हे उत्तर त्याला पुढे रोकवर मिळतं. रोकला पाऊस पाडलास तर ऑस्किल बेटावर दुष्काळ पडेल, असं गुरू बजावतात. (घोडबंदर रोडचं पाणी जुलैत कुठल्या वस्तीत जाऊन साचतं हे पाहिलेल्यांना लगेच पटेल.)

आता तक्रारी. एक, निवेदन फार लांबून केलेलं आहे. पहिल्याच पानावर सांगून टाकलंय की हा पुढे ड्रॅगनस्वामी आणि महामांत्रिक होणार. म्हणजे जगणार का मरणार ही काळजीच संपली. मला चाललं, मुलांचं सांगवत नाही. दोन, ऑस्किलचा किल्ला, टेरेनन नावाचा पुरातन दगड, तिथली सेरेट हे सगळं प्रकरण उरकल्यासारखं वाटलं. तीन, बायका. त्यावर कुणीतरी बोलेलच, म्हणून थांबते.

शेवट मला शंभर टक्के पटला. सावलीला नाव नाही असं रोकवर त्याला सांगितलेलं असतं. गेड तिच्यासमोर उभा राहून नाव घेतो, तीही त्याच क्षणी घेते, आणि दोघांचं नाव एकच निघतं.

तुम्ही कुठल्या वयाच्या मुलांना दिलंत? त्यांनी पूर्ण केलं का?

ऐरोलीचा_फ्लेमिंगो

मस्त धागा. एक राहिलं. गेड गोरा नाही! तांबूस-तपकिरी आहे, व्हेच त्याहून काळा. गोरे कोण, तर लुटारू कार्गाड. ले ग्विनने हे मुद्दाम केलं होतं आणि तेही गाजावाजा न करता. आधी वाचकाला पोराच्या बाजूने उभं करायचं आणि मग हळूच रंग सांगायचा. १९६८च्या अमेरिकेत हे सोपं नव्हतं. पुढे कित्येक मुखपृष्ठांनी त्याला गोरा केलाच. २००४मध्ये टीव्हीवर मालिका आली त्यातही गोरा गेड. तेव्हा बाईंनी जाहीर लेख लिहून झाडलं होतं.

मी कॉलेजात असताना वाचलं तेव्हा माझ्या डोक्यातही गेड गोराच होता. वाक्य समोर छापलेलं असून. आपल्या डोक्यात हे किती घट्ट बसलंय बघा.

खडूस_आजोबा

परीक्षण चांगले आहे. परंतु हे पळपुटे साहित्य मुलांना देऊन काय साधते? खऱ्या जगात मंत्राने लोकल वेळेवर येत नाही. आणि जादूची शाळा हा विषय आता चावून चोथा झालेला आहे.

मासुंदा

आजोबा, चोथा नंतरच्यांनी केला. ती जगप्रसिद्ध जादूची शाळा उघडली १९९७ला, रोकची शाळा तिच्या २९ वर्षं आधीची. आणि पळपुटं म्हणाल तर या पुस्तकाचा नायक पळतो तोवर मार खातो. ओगियन त्याला हेच सांगतो, की पळत राहिलास तर सावली तुला हवं तिथे हाकत नेईल. मागे वळ आणि तूच तिची शिकार कर. आठव्या प्रकरणापासून पुस्तकाची दिशाच फिरते.

लोकलचं मात्र मान्य. त्याला ओगियनही पुरा पडणार नाही.

दीर्घवेलांटी

मला सगळ्यात जवळचा वाटला तो नामकरणाचा प्रसंग. तेरा वर्षांचा मुलगा, थंडगार पाण्यातून चालत पलीकडे जातो, ओगियन त्याचा दंड धरतो आणि कानात नाव सांगतो. वाचताना मी मोठ्याने हसले, कारण हे तर बारसं! फक्त पाळणा नाही आणि कुर्रर्र नाही. आपल्याकडेही पत्रिकेतलं नाव एक, हाक मारायचं दुसरं. माझ्या आजीला तिचं जन्मनाव कुणाला सांगू द्यायचे नाहीत. तेव्हा मला तो निव्वळ भोळेपणा वाटायचा.

वर्गात (आठवी) हा भाग वाचून दाखवला तर मुलांना कुठेही अडलं नाही. त्यांना ड्रॅगन समजावून सांगावा लागला, नाव लपवणं नाही.

ऐरोलीचा_फ्लेमिंगो

म्हणजे ओगियन गेडची आत्या.

दीर्घवेलांटी

😂 आता ते पुस्तक मला कधीच गंभीरपणे वाचता येणार नाही.

वाशी_स्लो

माझा मुलगा अकरा वर्षांचा. त्याला दिलं आणि पाचव्या प्रकरणाशी थांबवलं. लो टॉर्निंगला गेड गावचा मांत्रिक म्हणून राहतो, होडी बांधणाऱ्या पेचव्हॅरीशी दोस्ती होते, आणि त्या पेचव्हॅरीचं लहान पोर तापाने जातं. गेड त्याच्या आत्म्यामागे मृत्यूच्या देशापर्यंत धावतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. मुलाने विचारलं, एवढा मोठा जादूगार, त्याला साधा ताप बरा करता येत नाही? मला काय बोलावं कळेना. आमच्या घरात या वर्षी एक गेलंय, म्हणून असेल.

पुस्तक वाईट आहे असं म्हणत नाही. पण अकराव्या वर्षी मी तरी देणार नाही.

मासुंदा

वाशी_स्लो, तुमच्या घरातल्या दुःखाबद्दल वाईट वाटलं. अशा वेळी थांबवलंत ते बरोबरच केलंत.

पुस्तकाच्या बाजूने एवढंच सांगते, की त्या पोराचं मरण रडवण्यासाठी आणलेलं नाही. वैद्यगुरूंचा पहिलाच धडा असतो : जखम भरा, आजार बरा करा, पण निघालेल्याला जाऊ द्या. गेडला हा धडा पाठ असतो. पेचव्हॅरी आणि त्याची बायको समोर बसलीत, त्यांचा चेहरा बघवत नाही, म्हणून तो मोडतो. तिथून त्याला परत आणतं कोण, तर त्याचं पाळलेलं ओटॅक, चिचुंद्रीपेक्षा थोडं मोठं जनावर, जिभेने चाटून चाटून. लहान मुलांना हेच जास्त लक्षात राहतं असा माझा अनुभव. (पुढे ओटॅकचंही काय होतं ते इथे लिहीत नाही. वाशी_स्लो, तुम्ही थांबवलंत ते खरंच बरं झालं.)

चेंदणीकर

मी या प्रकारातलं काही वाचत नाही. पुतणीने बळंच दिलं. नकाशा बघून उघडलं, सगळी बेटंच बेटं, म्हटलं हे आपलंच दिसतंय.

जादूचं मला कळत नाही पण होडीचं कळतं, आणि बाईला होडी कळते. लो टॉर्निंग ज्या नव्वद बेटांत आहे तिथल्या बायका शेजारणीकडे चहा प्यायला वल्हवत जातात. आमच्या चेंदणी बंदराच्या जुन्या गोष्टी ऐकल्यात त्यांना यात जादू दिसणार नाही. आता खाडीत गाळ किती ते सोडा.

मला जे आवडलं ते सांगतो. रोकहून शिकून आलेला मांत्रिक गावात येतो आणि होडी चालवायला कुणाकडून शिकतो? पेचव्हॅरीकडून. त्याच्या बदल्यात फळ्या घट्ट धरून ठेवायचे मंत्र त्याला शिकवतो. दोघं एकमेकांचे गुरू. शिकलेला माणूस गावात येऊन कारागिराकडून शिकतोय हे मी गोष्टीत फार वेळा वाचलेलं नाही. आमच्याकडे येतात ते भरती-ओहोटीचं आम्हालाच समजावून जातात.

पुढे तो वाळूच्या बांधावर अडकतो तेव्हा मोडक्या लाकडांची होडी करतो, लाकूड कमी आणि मंत्र जास्त. डोळा लागला की होडी सुटणार. म्हणून रात्रभर जागाच. समुद्रावर गळक्या होडीत बसलेल्याला विचारा, जागं राहणं म्हणजे काय. नंतर एका म्हाताऱ्याची जुनी होडी मिळते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, गेड ते बरे करतो. म्हातारा सांगतो, हिचं नाव लूकफार ठेव आणि नाळेच्या दोन्ही बाजूंना डोळे रंगव. दाम म्हणून दृष्टी दिली, तर त्याने होडीलाही डोळे दिले. हे वाचून पुस्तक मिटवून बसलो थोडा वेळ.

एक खटकलं. भांग-उधाणाचा पत्ता नाही. कधीही निघतो आणि कधीही किनाऱ्याला लागतो. मांत्रिक झाला म्हणून काय झालं.

मासुंदा

चेंदणीकर, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी आहे. तो मोतीबिंदूचा भाग मी भर्रकन वाचून पुढे गेले होते.

झीरो_बॅलन्स

मी दहावीत आहे, नेरूळ. आईच्या आयडीवरून नाही, माझाच आयडी आहे, आधीच सांगतो.

मला पहिले पाच चॅप्टर आवडले. पेंडॉरचा ड्रॅगन तर बेस्ट. गेड जुन्या गोष्टींवरून अंदाज लावून त्याचं खरं नाव ओळखतो आणि तिथेच गेम फिरतो. ड्रॅगन म्हणतो तुला त्या सावलीचं नाव सांगतो, आणि गेड नको म्हणतो! का तर गावाला वाचवायचंय, म्हणून ड्रॅगनकडून फक्त शपथ घेतो की तू परत बेटांकडे येणार नाहीस. हा सीन मी दोनदा वाचला.

पण शेवट बोगस आहे, सॉरी. एवढं सगळं समुद्र पार करून जायचं आणि फाइटच नाही. नाव घेतलं, मिठी मारली, संपलं. आणि व्हेच एवढा लांब कशाला आला? तो तर नुसता बघतो. बसून राहिला असता तरी चाललं असतं.

मासुंदा

अरे, प्रश्न चांगला आहे तुझा. फाइट कशी करणार, ती सावली म्हणजे तोच आहे ना. जॅस्परशी वैर, गॉन्टवरच्या एका सरदाराच्या मुलीसमोर भाव खाणं, मला सगळं येतं ही मिजास, हे सगळं चालत त्याच्यासमोर आलंय. त्याला मारलं तर स्वतःचाच हात तोडल्यासारखं, आणि त्याने मारलं तर गेडच्या अंगात भलतंच कुणी वावरणार.

झीरो_बॅलन्स

ते कळलं मला, मी वाचलंय 😐 पण ‘कळलं’ आणि ‘मजा आली’ वेगळं. व्हेचचं सांगा.

दीर्घवेलांटी

व्हेचचं मी सांगते. तिथे समुद्राची वाळू होते बघ. गेड होडीतून उतरून त्या वाळूवर अंधाराकडे चालत जातो. नाव घेऊन झालं की वाळू खचते आणि समुद्र परत येतो. तेव्हा गेडला पाण्यातून ओढून होडीत कोण घेतं? व्हेच नसता तर गेड पूर्ण झाला असता आणि त्याच मिनिटाला बुडाला असता.

आणि दुसरं. परत आलेला माणूस गेडच आहे की सावलीने त्याचं रूप घेतलंय, हे ओळखायला त्याला ओळखणारं कुणीतरी लागतंच. स्वतःला विचारून ते कळणार नाही.

झीरो_बॅलन्स

ओके हे पटलं. फाइटचं नाही पटलं.

खडूस_आजोबा

मुलाचे बरोबर आहे. युद्धाशिवाय वीरकथा ही मला काही झेपत नाही. तरी एक गोष्ट आवडली. शेवटी लेखिका म्हणते की गेडच्या पराक्रमाचे जे गीत गातात त्यात हा प्रवास नाही. व्हेचने गीत रचले असेल तर ते हरवले. म्हणजे ज्यावर पुस्तक लिहिले त्याचीच पराक्रमाच्या खात्यात नोंद नाही. आमच्या इतिहासाच्या बाबतीतही असेच होत असावे, असे मनात आले.

होय, पुस्तक आणवून वाचले. टीका करण्यापूर्वी वाचावे असा माझा नियम आहे, केवळ या वेळी क्रम उलटा झाला.

ऐरोलीचा_फ्लेमिंगो

आजोबा रॉक्स 🙏

वाशी_स्लो

बायकांवर कुणीच बोललं नाही अजून, म्हणून मीच. गॉन्टमध्ये म्हण आहे, बायकांच्या जादूसारखं दुबळं, बायकांच्या जादूसारखं दुष्ट. ठीक, तिथल्या लोकांचा समज समजू. पण लेखिका तरी तो कुठे खोडते? मावशी अर्धवट शिकलेली आणि लोभी. सरदाराची मुलगी गेडला नको ते मंत्र बघायला भरीस पाडते. ऑस्किलच्या किल्ल्यातली सेरेट त्याला जाळ्यात ओढते, आणि नंतर कळतं की ही तीच मुलगी! रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही. एकच भली निघते, व्हेचची बहीण यारो, ती चौदाएक वर्षांची आणि तिची जागा चुलीपाशी. बाईने लिहिलंय म्हणून जास्त टोचतं.

मासुंदा

सगळं मान्य, हीच माझी तिसरी तक्रार. यारोसाठी मात्र थोडं भांडते. प्रवासाचं खाणं बांधताना ती विचारते, की तुम्ही मांत्रिक जादूने जेवण का नाही काढत? आणि बोलता बोलता गेडकडून कबूल करून घेते की त्याने पोट भरत नाही. अख्ख्या पुस्तकात जादूच्या मर्यादेवर सगळ्यात सरळ प्रश्न कुणा गुरूने विचारलेला नाही, पोळ्या करणाऱ्या पोरीने विचारलाय.

पण तेवढ्याने हिशेब चुकता होत नाही. तो ले ग्विनलाही जाणवला असावा. दुसरं पुस्तक, द टूम्ब्स ऑफ अटुआन, १९७१चं, ते टेनार नावाच्या मुलीचं. आणि १९९०मध्ये टेहानू लिहिलं त्यात तर तिने स्वतःच्याच जगाची झडती घेतली. रोकचे दरवाजे, महामांत्रिकांची सत्ता, गावच्या चेटकिणींना हलकं लेखणं, काहीच सोडलं नाही. बावीस वर्षांनी आपल्याच गाजलेल्या पुस्तकाशी असं भांडायला छाती लागते. टेहानू मात्र मुलांना देऊ नका. त्यातला मुलीवरचा अत्याचार मोठ्यांनाही झेपणं कठीण.

वाशी_स्लो

हे माहीत नव्हतं. मग दुसरं मी आधी वाचते, पहिलं मुलगा तेरा-चौदाचा झाला की परत देईन. प्रत कुठे मिळेल? फाउंटनच्या फुटपाथवर शोधू का?

मासुंदा

माझ्याकडे आहे. मंगळवारी ट्रान्सहार्बरच्या फलाटावर भेटलात तर देते. व्यनि (खासगी निरोप) करा.

चेंदणीकर

दुसऱ्यात होडी आहे का?

मासुंदा

अगदी शेवटी आहे, लूकफारच. बाकी सगळं वाळवंट आणि भुयार.

चेंदणीकर

मग पुतणीलाच वाचू दे.

झीरो_बॅलन्स

मी पीडीएफ नाही, लायब्ररीतून दुसरं आणलं. चार चॅप्टर झाले, गेडचा पत्ताच नाही. हिरो कधी येणार??

वाशी_स्लो

आलीये की, पहिल्याच पानावर.